4.18 या आकड्यामागचा माणूस : जेम्स प्रेस्कॉट ज्यूल

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'उष्णता' प्रकरण शिकवताना आपण फळ्यावर लिहितो की पाण्याची विशिष्ट उष्माधारकता 1 कॅलरी प्रति ग्रॅम अंश सेल्सिअस, म्हणजेच सुमारे 4.18 ज्यूल प्रति ग्रॅम अंश सेल्सिअस. मुलं ते पाठ करतात. पण एका बाजूला साधा 1 आणि दुसऱ्या बाजूला हा अडनिडा 4.18 का? कॅलरी मुळात पाण्यावरूनच ठरवलेली, म्हणून तिथे 1 येणारच. ज्यूल मात्र कामाचं एकक आहे, त्याचा पाण्याशी संबंध नाही. या दोघांची गाठ घालण्यात एका माणसाचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं.

जेम्स ज्यूल यांचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्ड इथे झाला. घरचा बिअर गाळण्याचा कारखाना होता. ते कुठल्याही विद्यापीठात शिकले नाहीत, पण लहानपणी त्यांना आणि त्यांच्या भावाला शिकवायला साक्षात जॉन डाल्टन होते! प्रयोगही ते स्वखर्चानेच करत. बिअरच्या धंद्यात तापमान काटेकोर सांभाळावं लागतं, ही सवय त्यांना पुढे उपयोगी पडली असावी असं मला वाटतं.

उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे, असं त्या काळी बरेच जण मानत. ज्यूल यांचं म्हणणं वेगळं होतं : काम खर्च झालं की ठरावीक उष्णता तयार होते. 1843 मध्ये कॉर्क इथल्या सभेत त्यांनी हे मांडलं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग त्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. भांड्यात पाणी, पाण्यात फिरणारी पाती, आणि कप्पीवरून खाली उतरणाऱ्या वजनांनी ती पाती फिरवायची. वजनं वीस वेळा खाली सोडली तरी पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापायचं. तेवढ्यावर सिद्धांत उभा करायचा, म्हणून मँचेस्टरच्या डान्सर या कारागिराकडून त्यांनी खास तापमापी बनवून घेतल्या. त्यांवर अंशाचा दोनशेवा भाग वाचता येतो, असं ते सांगत. लोकांचा विश्वास बसेना यात नवल नाही.

1847 मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्यांना थोडक्यात आटपायला सांगितलं गेलं. मात्र तिथे बसलेल्या तरुण विल्यम थॉमसन यांना त्यात तथ्य दिसलं. हेच पुढचे लॉर्ड केल्विन. त्याच वर्षी ज्यूल यांचं लग्न झालं. आल्प्समध्ये नवी नवरी बरोबर असताना धबधब्याचं तापमान मोजायला ते लांबलचक तापमापी घेऊन निघालेले भेटले, ही आठवण थॉमसन यांनीच पुढे सांगितली. 1854 मध्ये पत्नी वारली, पदरात दोन लहान मुलं होती.

1850 च्या निबंधात त्यांनी आकडा दिला 772. म्हणजे 1 पौंड पाणी 1 अंश फॅरनहाइटने तापवायला 772 फूट-पौंड काम लागतं. इथे मुलांना थांबवा आणि एकक बदलायला लावा. 1 फूट-पौंड म्हणजे 1.356 ज्यूल, म्हणून 772 चे झाले सुमारे 1047. हे एका पौंडासाठी, 0.4536 ने भागलं की किलोसाठी सुमारे 2308. आता अंश बदलायचा. हमखास गोंधळ होतो तो इथेच, कारण मुलं लगेच 32 वजा करायला धावतात. अहो, हा तापमानातला फरक आहे, तापमान नव्हे! फरकाला 32 लागत नाही, फक्त 1.8 ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे 4154 ज्यूल प्रति किलो अंश सेल्सिअस. आजच्या 4186 पेक्षा एक टक्क्याहूनही कमी फरक, तोही वजनं आणि पात्यांच्या जोरावर. (सेल्सिअसऐवजी केल्विन लिहिलं तरी आकडा तोच राहतो, कारण अंशाचा आकार सारखाच.)

एसीच्या माहितीपत्रकावरचं बीटीयू हे एककही या पौंड-फॅरनहाइट घराण्यातलंच.

ज्यूल 11 ऑक्टोबर 1889 रोजी मँचेस्टरजवळच्या सेल इथे वारले. कामाच्या एककाला त्यांचं नाव त्याच वर्षी मिळालं, पण उष्णताही ज्यूलमध्येच मोजावी हे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरायला 1948 उजाडलं. त्यांच्या थडग्यावर 772.55 हा त्यांनी 1878 मध्ये काढलेला आकडा कोरलेला आहे. वरच्याच तीन पायऱ्यांनी तो मुलांना बदलू द्या, 4157 च्या आसपास येईल. मग 772.55 च्या जागी आजचा 778 घालून बघायला सांगा.