धारपांची आजी

सबमिशनच्या आठवड्यात आपल्याकडे एकच जर्नल साठ जणांच्या हातून फिरतं. पहिल्याने घेतलेलं रीडिंग साठाव्यापर्यंत जसंच्या तसं पोचतं, चुकीसकट. त्यामुळे कॉपी म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या पोरांना वेगळं शिकवायला नको. आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याच्यावरही कॉपीचा शिक्का मारला जातो, आणि तोही आपल्याच लायनीतला, म्हणजे टेक्नॉलॉजीची डिग्री घेतलेला. नाव नारायण धारप. मराठीत भयकथा म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच येतं, पण साहित्याच्या गप्पांत ते कुणी फारसं काढत नाही.

माझी आणि धारपांची ओळख कळंबला झाली. आमचं घर रस्त्यापासून आत आहे, मागे शेत आणि पलीकडे माथेरानचा डोंगर. पावसाळ्यात संध्याकाळी लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. बारावीच्या सुट्टीत मामाने एक जुनं, बाईंडिंग सुटलेलं पुस्तक आणून दिलं. कव्हर नव्हतं, शेवटची काही पानंही नव्हती. ती 'लुचाई' होती. कंदिलाच्या उजेडात वाचली आणि नंतर चार दिवस रात्री मागच्या पडवीत जायची हिंमत झाली नाही. (हे हॉस्टेलवर सांगू नका.)

धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा, पुण्यातला. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. (टेक.) त्यांनी केली, नोकरीसाठी आफ्रिकेत गेले, मग परत आले. इथपर्यंतचा बायोडाटा त्या काळच्या कुठल्याही हुशार, मध्यमवर्गीय मुलाचा शोभेल असा. पण परत आल्यावर हा माणूस लिहायला बसला आणि पुढची चाळीसेक वर्षं लिहितच राहिला. शंभराहून जास्त पुस्तकं! आपल्याला एक प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना घाम फुटतो. 'अनोळखी दिशा', 'चेटकीण', 'ग्रास', 'शपथ', 'साठे फायकस', '४४० चंदनवाडी'... नुसती नावं वाचली तरी पान उलटावंसं वाटतं. शेवटचं नाव तर साधा पत्ता आहे, पण मुंबईकरांना चंदनवाडी म्हटलं की मरीन लाइन्सचं स्मशान आठवतं. विज्ञानकथाही त्यांनी लिहिल्या. 'नेनचिम' त्यातली.

त्यांचा सगळ्यात गाजलेला नायक म्हणजे समर्थ. कुणाच्या तरी घरात काहीतरी अमंगळ शिरतं, घरच्यांचा सगळा शहाणपणा संपतो आणि मग समर्थांना बोलावणं जातं. मला त्यात टेक्निकल माणूस दिसतो. मशीन बंद पडलं की आधी फोरमन, मग इंजिनिअर, आणि शेवटी कंपनीचा एक्स्पर्ट येतो, तसंच. समर्थ नुसता मंत्र पुटपुटत नाहीत, आधी समोर काय आहे ते ओळखतात. ते काय केल्याने आलं, कशाने अडतं, कशाने वाढतं, हे कळल्याशिवाय उपाय नाही. धारपांच्या भुताला नियम असतात. केमिकल टेक्नॉलॉजीच्या माणसाला शोभेल असंच हे आहे. भीती वाटते ती नियम नाहीत म्हणून नव्हे. नियम आहेत आणि ते आपण नकळत मोडलेत, म्हणून वाटते.

आता कॉपीच्या मुद्द्याकडे येतो. धारपांनी इंग्रजी भयकथा भरपूर वाचल्या होत्या, आणि अमेरिकेतल्या स्टीफन किंगच्या गोष्टी तर सरळ उचलल्या. किंगची 'सेलम्स लॉट' १९७५ ची, तिच्यावरून 'लुचाई'. 'इट' १९८६ ची, तिच्यावरून 'शपथ'. हे लपून राहिलेलं नाही. दोन्ही भाषांतली पुस्तकं वाचणाऱ्या कुणालाही कळतं. मला हे प्रथम एका सीनियरने सांगितलं तेव्हा खरं सांगतो, राग आला. पडवीत जायला घाबरलो होतो तो कुणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेल्या भुताला?

मग मी ते इंग्रजी पुस्तक मिळवून वाचलं. आणि लक्षात आलं की ही भुतं इकडे आणणं म्हणजे नुसतं झेरॉक्स मशीनचं काम नव्हे. त्या गावात चर्च असतं, पाद्री असतो, क्रॉस असतो, पवित्र पाणी असतं. मुख्य म्हणजे तिकडे मेलेला माणूस पुरतात, त्यामुळे तो उठून येऊ शकतो. आपल्याकडे बहुतेक घरांत मेलेल्याला जाळतात. मग उठणार कोण? आपलं भूत वडावर बसतं, झपाटतं, अंगात येतं, पण त्याला स्वतःचं शरीर नसतं. म्हणजे इथे मशीनचा एक पार्ट बदलून भागत नाही, सगळं माउंटिंगच नव्याने करावं लागतं. क्रॉसच्या जागी गणपतीचा फोटो टांगला की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. वाचणारा हसेल. धारपांच्या गोष्टीत वाचणारा हसत नाही. वाडा आपला, ओटा आपला, दिवेलागणीची वेळ आपली, आणि दारात उभं राहून बोलणारे काकाही आपलेच.

त्यांच्या एका गोष्टीवर मला सविस्तर बोलायचंय, कारण तिच्यामागे सगळी साखळी दिसते. गोष्टीचं नाव 'आजी'. तिच्यामागे किंगची 'ग्रामा' ही १९८४ ची कथा आहे. तिचा सांगाडा असा. घरात एक लहान मुलगा, आई आणि अंथरुणाला खिळलेली आजी. मोठ्या भावाचा पाय मोडतो, आईला दवाखान्यात जावं लागतं. मुलगा आजीजवळ एकटा. लक्षात घ्या, अजून भुताचं नाव नाही, पण निम्मं काम झालंय. मोठं माणूस घराबाहेर काढलं, पोराच्या अंगावर एक जबाबदारी टाकली, आणि जबाबदारी अशी की खोलीत जावंच लागणार. पळून जायची सोय नाही, कारण पळाला तर तो भित्रा नव्हे, वाईट मुलगा ठरेल. मग घरात शांतता पसरते. आजीचा श्वास ऐकू येत होता तो थांबतो. भयकथेत आवाज येण्यापेक्षा आवाज थांबणं जास्त वाईट, हे मला या गोष्टीने शिकवलं. म्हातारी मरते, आणि मेल्यावर हाक मारते. एक नाव घेतलं तर ती पडून राहील असं मुलाला फोनवरून मावशी सांगते. तो ते नाव घेतो, पण शेवटी घरी परतलेल्या आईसमोर उभा असतो तो खरा तिचा मुलगा राहिलेला नसतो.

ते नाव आहे हास्टर. या नावाचा प्रवास ऐका. १८९० च्या सुमारास अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या गोष्टीत हास्टर हा मेंढपाळांचा साधा, भला देव होता. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव आपल्या भीतिदायक पुस्तकात वापरलं, १९३१ मध्ये लव्हक्राफ्टने त्याचा उल्लेख केला, इतरांनी त्याला राक्षसी रूप दिलं, आणि तिथून ते किंगकडे आलं. म्हणजे ज्याच्याकडून धारपांनी उचललं असं आपण म्हणतो, त्याच्या हातातही उसनंच होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात राही बर्वे नावाच्या मुलाला त्याच्या मित्राने रात्री धारपांची गोष्ट सांगितली. मुलगा घाबरला आणि ती विसरला नाही. १९९७ मध्ये त्याने चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. शूटिंग २०१२ ला सुरू झालं, आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला 'तुम्बाड' आला. गावाचं नाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ने मराठी वाचकांना आधीच माहीत असलेलं.

(ज्यांनी 'तुम्बाड' पाहिला नाही त्यांनी इथून एक परिच्छेद सोडावा. नंतर मला शिव्या देऊ नयेत.)

चित्रपटाचे तीन भाग आहेत, १९१८, १९३३ आणि १९४७. पहिल्या भागात जवळजवळ तीच गोष्ट आहे. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, विनायक साखळीने बांधलेल्या म्हातारीजवळ एकटा उरतो. तिला खायला घालायचं काम त्याच्यावर. हस्तरचं नाव घेतलं की ती झोपते, हा नियम आधीच सांगून ठेवलेला. पण गंमत बघा. किंगच्या कथेत जिथे गोष्ट संपते तिथे चित्रपटाची जेमतेम सुरुवात झालेली असते. म्हातारी इथे शेवटचं संकट नाही, ती पुढच्या खोलीचं दार आहे. खजिन्याचं गुपित तिलाच ठाऊक आहे. आई मुलाला वाड्यापासून लांब घेऊन जाते, परत येणार नाही असं वचन घेते, आणि पंधरा वर्षांनी तो परत येतोच. म्हातारी अजून जिवंत आहे, तिच्या अंगातून झाड उगवलंय, आणि आता तो तिला घाबरत नाही, तिच्याशी सौदा करतो. पहिल्या भागात भीती बाहेर होती, दुसऱ्यात ती विनायकच्या आत गेली, तिसऱ्यात त्याच्या मुलात उतरली. किंगच्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य मुलगा बदलला असं आहे म्हणा, तर 'तुम्बाड'ने तो बदल एका रात्रीऐवजी तीस वर्षं ताणून दाखवला.

हे कॉपीने होत नाही. सांगाडा घेतला, पण वजन दुसऱ्या ठिकाणी टाकलं. आपल्या भाषेत, तेच बीम, पण लोड पॉइंट हलवला की बेंडिंग मोमेंटचा सगळा डायग्राम बदलतो. आणि मधला खांब धारपांचा आहे. किंगची म्हातारी थेट अमेरिकेतून कोकणात आली नसती. तिला आधी मराठी आजी व्हावं लागलं. जंगलात शेकोटीशी बसून मराठी मुलाने मराठी मुलाला सांगता येईल इतकी ती घरातली व्हावी लागली. हे काम धारपांनी केलं होतं.

धारपांनी हा चित्रपट पाहिला नाही. १८ ऑगस्ट २००८ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, म्हणजे शूटिंगच्याही चार वर्षं आधी. हयातीत त्यांना वाचणारे हजारो होते, पण ते वाचनालयात महिन्याची वर्गणी भरून पुस्तक नेणारे होते, परीक्षणं लिहिणारे नव्हते. मराठी समीक्षेने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं असं माझं स्पष्ट मत आहे. आता नव्या कव्हरात त्यांची पुस्तकं पुन्हा दुकानात दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुम्बाड' पुन्हा थिएटरला लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

मी तो तेव्हाच पाहिला. रात्री उशिरा कळंबला पोचलो तर लाईट गेलेली. आई-बाबा कर्जतला लग्नाला, मुक्कामी. आतल्या खोलीत माझी खरी आजी, दोन वर्षं अंथरुणावर. तिला रात्रीची पेज मीच भरवायची होती. चुलीजवळ पेज गरम केली, वाटी घेऊन दारापर्यंत गेलो आणि थांबलो. आतून श्वास ऐकू येत होता तोवर ठीक होतं. मग तो ऐकू येईना. किती वेळ उभा होतो माहीत नाही. शेवटी आजीनेच विचारलं, पेज गार करून आणणार आहेस का, म्हणून.

तिला भरवलं. उरलेली रात्र तिच्याच खोलीत खाली चटई टाकून झोपलो. कारण तिला नको होतं, मला हवं होतं.

ता. क. - माझी 'लुचाई' सध्या हॉस्टेलवर कुणाकडे तरी आहे. ज्याच्याकडे असेल त्याने सबमिशन झालं की परत आणून द्यावी. शेवटची पानं नाहीत त्यात, पण शेवट काय ते मी सांगेन.