अंड्याला भाव मिळवून देणारे डॉ. राव



अंड्याचा आजचा दर काय, हे आपण सकाळी सहज विचारतो. पण एके काळी हा दर ठरवताना उत्पादकाला कोणी विचारतही नव्हतं. ही परिस्थिती बदलणारा माणूस म्हणजे डॉ. बंडा वासुदेव राव. शहापूर-मुरबाड भागात अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी त्यांची ओळख करून घ्यावी, आणि त्यांनी आपल्यावर सोडलेलं कामही ध्यानात घ्यावं.

राव मूळचे तेलुगू मुलखातले. जन्म १९३५ चा. १९७१ साली त्यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे त्यांच्या उद्योगाचं मुख्य ठाणं झालं. परसातली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. राव यांनी अमेरिकेतल्या बॅबकॉक कंपनीच्या सहकार्याने जातिवंत पक्षी आणले आणि त्यांची पैदास इथेच सुरू केली. त्यातून आलेली बीव्ही-३०० ही कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते.

पण नुसती अंडी वाढून काय उपयोग? १९८१ च्या सुमारास अंडी उत्पादन खर्चाच्याही खाली विकली जात होती. दर व्यापारी ठरवीत आणि अनेकांवर फार्म बंद करायची पाळी आली. तेव्हा राव काही उत्पादकांना बरोबर घेऊन देशभर हिंडले. गावोगावी तीनशेवर बैठका झाल्या. त्यातूनच १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे आपली ‘एनईसीसी’, उभी राहिली. उत्पादकच आपला दर जाहीर करू लागले. १९९० मध्ये सरकारने राव यांना पद्मश्री दिली. २९ जानेवारी १९९६ रोजी ते वारले. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांच्या नावाची कुक्कुटपालन शिकवणारी संस्था आहे.

आता आपल्या शेडकडे वळू. जाहीर झालेला दर मिळतो तो धड अंड्याला. तडकलेलं अंडं पडत्या भावात जातं. ते समितीच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

हिशेब बघा. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. तीनशे अंड्यांचं झालं ६०० ग्रॅम. कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून असतं जेमतेम २० ग्रॅम! खाद्यातून पुरवठा झाला नाही, तर ती हाडं झिजवून कवच बनवते. मग कवच पातळ होतं, कोंबडी पायांवर बसते आणि शेवटी अंडी बंद होतात.

म्हणून एवढं करा:

१) अंड्यावरच्या कोंबडीला रोज सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम मिळालं पाहिजे. त्यातलं निम्मंच अंगी लागतं.

२) कवच मुख्यतः रात्री तयार होतं. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे २ ते ४ मिलिमीटरचे खडे दुपारनंतर द्या. जाड खडा पोटात हळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो. पीठ लवकर निघून जातं.

३) ड-३ जीवनसत्त्व आणि फॉस्फरस यांचं प्रमाण सांभाळा. त्यांच्याशिवाय नुसतं कॅल्शियम वाया जातं.

४) तलंगांना लेअरचं खाद्य आधीपासून देऊ नका, मूत्रपिंडं बिघडतात. अंड्यावर येण्याच्या बेताला, सोळा-सतरा आठवड्यांनंतर, हळूहळू वाढवा.

५) एप्रिल-मे मध्ये कोंबड्या धापा टाकतात, खाद्य कमी खातात आणि कवच पातळ होतं. थंड पाणी ठेवा, खाद्य सकाळी-संध्याकाळी द्या.

६) परसातल्या कोंबड्यांसाठी अंड्यांची टरफलं भाजून, बारीक कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. भिंतीला लावायचा चुना मात्र कधीही घालू नका.

राव यांनी भरपूर अंडी देणारी कोंबडी दिली आणि उत्पादकाला दर ठरवायला शिकवलं. ते अंडं धड बाजारात पोचवणं आपल्याकडे आहे. आज संध्याकाळी ट्रे भरताना तडकलेली अंडी वेगळी काढून मोजा. रोज मोजून वहीत लिहा. आकडा वाढत असेल, तर कोंबडीला दोष देण्याआधी खाद्य तपासा.