सगळ्या गावाचे काका

शाळेत इतिहासाच्या पेपरात 'जोड्या लावा' मध्ये सार्वजनिक काका हमखास यायचे. डावीकडे काका, उजवीकडे पुणे सार्वजनिक सभा, १८७०. एक मार्क मिळाला की विषय संपला. आमची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे पुस्तकात मोठ्या अक्षरात गणेश वासुदेव जोशी हे नाव इंग्रजीत असायचं आणि 'काका' हा शब्द कंसात. पण मित्रांनो, खरी गोष्ट त्या कंसातच आहे. वकील तर पुण्यात तेव्हाही बरेच होते. मग यांनाच सगळं गाव काका का म्हणायला लागलं?

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं ते १८४८ साली. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर आपल्या गावचं राज्य गेलं, तेव्हा काका बरोबर वीस वर्षांचे होते, आपल्यापैकी बहुतेकांच्या वयाचे. तरुणपणीच ते पुण्याला आले, काही वर्षं सरकारी कचेरीत नोकरी केली आणि पुढे १८६५ च्या सुमारास वकिलीची परीक्षा पास होऊन पुण्याच्या कोर्टात उभे राहिले. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली, तेव्हा काका एकोणतीस वर्षांचे! त्यामुळे नावापुढे डिग्री वगैरे काही नाही. जे शिकले ते कचेरीत आणि कोर्टात.

सार्वजनिक सभेची सुरुवात झाली ती एका अगदी लोकल भांडणातून. पुण्याच्या पर्वतीवर पेशव्यांनी बांधलेलं देवस्थान आहे. त्याचा कारभार पंचमंडळी बघत होती आणि तो नीट चालत नाही अशी लोकांची तक्रार होती. आता तक्रार कुठे नसते? पण पुढचा प्रश्न अवघड होता. सरकारकडे जाऊन बोलणार कोण? चार प्रतिष्ठित माणसं गेली तर साहेब विचारणार, तुम्हाला कोणी पाठवलं? तुम्ही लोकांच्या वतीने बोलता याचा पुरावा काय?

काका वकील होते. वकिलाला हे पक्कं माहीत असतं की अशील सही करून देत नाही तोपर्यंत त्याच्या वतीने कोर्टात तोंड उघडता येत नाही. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी हाच नियम सगळ्या गावाला लावला. सभेचा सभासद व्हायचं असेल तर नुसती वर्गणी भरून चालणार नाही. किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. मुखत्यारनामा म्हणजे 'आमच्या वतीने तुम्ही बोला' असं लिहून दिलेला कागद. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली तेव्हा सुमारे सहा हजार लोकांनी असे मुखत्यारनामे दिले होते आणि त्यावर पंचाण्णव सभासद निवडले गेले होते. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. चिटणीस म्हणून राबणारे होते काका.

जरा विचार करा. १८७० साली या देशात कुठल्या कायदेमंडळात निवडणूक नव्हती. मतपेटी कुणी पाहिली नव्हती. पायी फिरून, दारोदार जाऊन, एकेक सही गोळा करून या लोकांनी आपले प्रतिनिधी तयार केले. लोक जोशींना काका म्हणायचेच. आता सभेचं काम त्यांना इतकं चिकटलं की ते 'सार्वजनिक' काका झाले.

अर्थात सभा म्हणजे अख्खा समाज नव्हता, हेही सांगायला हवं. सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर अशी वरच्या थरातली मंडळी जास्त होती आणि त्यात ब्राह्मण जास्त. त्याच पुण्यात १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे सार्वजनिक सभेवर कडक टीका केली. नावात 'सार्वजनिक' आहे पण शूद्रातिशूद्र कुठे आहेत, हा त्यांच्या टीकेचा रोख होता आणि तो चुकीचा नव्हता. काकांच्या घरात मात्र एक पाऊल पुढे पडलं होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रीविचारवती सभा काढली आणि वेगवेगळ्या जातींच्या बायकांना एकत्र हळदीकुंकवाला बोलावलं. त्या काळच्या पुण्यात हे सोपं नव्हतं.

१८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेला जणू इंजिनच मिळालं. रानडे काकांपेक्षा चौदा वर्षांनी लहान, विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी, अफाट वाचन. पण सरकारी नोकर, त्यामुळे उघडपणे पुढे येता येईना. मग वाटणी ठरून गेली. अभ्यास आणि मसुदे रानड्यांचे, पुढे उभं राहणं आणि धावपळ काकांची. वयाने मोठ्या माणसाने लहानाची हुशारी मान्य करून त्याच्यासाठी दारोदार फिरायचं, याला मन मोठं लागतं. आपल्याकडे प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चार जणांत हे जमत नाही!

या जोडीच्या काळात सभेने जी कामं केली ती आपल्या भाषेत सांगायची तर चक्क फील्ड वर्क होती. सरकारने जमिनीची फेरमोजणी करून सारा वाढवला, शेतकरी सावकाराच्या घशात चालला होता. सभेने नुसता निषेध केला नाही. कमिटी नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली, आणि १८७३ साली रयतेच्या स्थितीवर रिपोर्टच काढला. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. सभेने आधीच सांगितलेलं दुखणं असं बाहेर फुटलं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळातही सभेची माणसं गावोगावची हकीकत कळवत होती आणि सभा ती सरकारपुढे ठेवत होती. १८७८ पासून सभेचं त्रैमासिकही निघायला लागलं.

काकांचं मला सगळ्यात जास्त आवडणारं काम म्हणजे लवाद कोर्ट. हे १८७६ च्या सुमाराचं. भाऊबंदकीची, देण्याघेण्याची भांडणं कोर्टात गेली की स्टँपचा खर्च, वकिलाची फी, तारखांवर तारखा. शेवटी निकाल लागेपर्यंत दोन्ही पार्ट्या भिकेला लागायच्या. काकांनी सांगितलं की दोघांनाही मान्य असलेले पंच बसवा आणि आपसात मिटवा. आता गंमत बघा, काका स्वतः वकील. लोकांची भांडणं कोर्टाबाहेर मिटली तर नुकसान कोणाचं? वकिलाचंच! स्वतःच्या धंद्याच्या पोटावर पाय देऊन त्यांनी ही सोय उभी केली. आज आपल्याकडे लोकअदालती भरतात, त्यांना १९८७ च्या कायद्याचा आधार आहे. काकांच्या पाठीशी असा खास कायदा नव्हता. होता तो लोकांचा विश्वास. भांडण घेऊन माणूस ज्याच्या ओसरीवर जातो तो घरातला मोठा माणूस असतो. काका हा शब्द असा कमावलेला आहे.

आणि खादी! खादी म्हटलं की आपल्याला गांधीजी आठवतात. गांधीजी तेव्हा दोन-तीन वर्षांचे असतील. १२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी स्वदेशी वापरायची शपथ घेतली आणि हातानं कातलेल्या सुताची खादी अंगावर चढवली ती कायमची. नुसतं स्वतः वापरून थांबले नाहीत. देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं, शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू इथेच तयार व्हाव्यात म्हणून खटपट केली आणि पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी देशी मालाची दुकानं काढायला लावली. ही पुढे सगळीच चालली नाहीत. कारखान्याचा स्वस्त माल आणि हातचा महाग माल यांची स्पर्धा म्हणजे काय, हे आपल्या प्रॉडक्शनवाल्यांना वेगळं सांगायला नको. पण वस्तू इथे बनली पाहिजे हा हट्ट बंगालच्या स्वदेशी चळवळीच्या तीस-बत्तीस वर्षं आधीचा आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला मोठा दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर करायचं होतं. राजे-महाराजे, हत्ती, जरीचे पोशाख, हिरेमाणकं. इकडे दख्खनमध्ये माणसं भुकेनं मरत होती. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते साध्या पांढऱ्या खादीत. सभेचं मानपत्र बरोबर होतं, पण त्यात नुसती स्तुती नव्हती. हिंदी लोकांना राणीच्या इतर प्रजेच्या बरोबरीचा दर्जा आणि हक्क मिळावेत, अशी मागणी होती. आवाज न चढवता, सभ्यपणे, पण बरोबरीचं मागणं.

इथपर्यंतचे काका म्हणजे अर्ज, रिपोर्ट, मानपत्र, सह्या. सगळं कायद्याच्या चौकटीत. खरी परीक्षा पुढे होती. पुण्यातच लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशांना जमवून बंड पुकारलं. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या आणि सरकार बिथरलं. संशय सगळीकडे फिरायला लागला. प्रत्यक्ष रानड्यांकडे संशयाने बघितलं गेलं आणि त्यांची बदली धुळ्याला झाली. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि खटला पुण्यात उभा राहिला.

आता त्यांचं वकीलपत्र घेणार कोण? पुण्यात हुशार वकिलांची कमी नव्हती. पण सम्राज्ञीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप असलेल्या माणसाशेजारी उभं राहायचं म्हणजे सरकारच्या काळ्या यादीत जाणं. काकांना तर दुहेरी धोका. स्वतःचा आणि दहा वर्षं वाढवलेल्या सभेचाही. शिवाय फडक्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. त्यांनी जन्मभर कागदावर सह्या घेतल्या, फडक्यांनी हातात शस्त्र घेतलं. तरीही काका पुढे झाले. महादेव चिमणाजी आपटे हे वकीलही बचावासाठी उभे राहिले. केस जिंकण्यासारखी नव्हतीच. फडक्यांची स्वतःची डायरीच पुराव्यात होती. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं आणि फडक्यांना एडनला नेलं. तिथेच १८८३ साली ते गेले.

मग काकांनी मिळवलं काय? निकालाच्या कागदावर बघितलं तर काहीच नाही. पण ज्या माणसाच्या बाजूने बोलायला कोणी तयार नव्हतं, तो कोर्टात एकटा उभा राहिला नाही. ज्यांच्याशी आपलं पटतं त्यांचं वकीलपत्र कोणीही घेईल. ज्याचं पटत नाही पण जो आपला आहे, त्याचं घेणारा तो काका. घरात पोरगा काहीतरी भलतंच करून बसला तर घरातला मोठा माणूस आधी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो, बाकीचं नंतर बोलतो. काकांनी तेच केलं.

या खटल्यानंतर वर्षाच्या आतच, २५ जुलै १८८० रोजी, काका गेले. वय अवघं बावन्न. पाचच वर्षांनी राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन ठरलं तेही पुण्यात, सार्वजनिक सभेच्या भरवशावर. ऐन वेळी कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवलं. ते बघायला काका नव्हते.

होस्टेलला पाणी आलं नाही, मेसचं जेवण बिघडलं की कॉरिडॉरमध्ये सगळेच तावातावाने बोलतात. रात्री बारापर्यंत चर्चा रंगते. सकाळी कोरा कागद घेऊन खोल्याखोल्यांतून सह्या गोळा करणारा एखादाच असतो, आणि तो कागद घेऊन रेक्टरसरांच्या केबिनमध्ये शिरणारा तर त्याहून विरळा. तसा कोणी तुमच्या विंगमध्ये असेल तर त्याला चिडवू नका. निदान सही तरी लगेच करा.