अडलेल्या घासाची वाट

१६७४ साली रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्याच साली इंग्लंडमध्ये लॅटिन भाषेतला एक वैद्यकीय ग्रंथ छापून निघाला. ग्रंथ औषधांविषयी होता, पण त्यात ऑक्सफर्डच्या एका माणसाची हकिगत आली आहे. त्याला भूक लागे, घास चावता येई, गिळताही येई. मात्र तो पोटात उतरत नसे. अन्ननळी गळ्यापर्यंत भरली की सारे उलटून पडे. ताटात अन्न असून तो उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचला होता. ग्रंथकर्त्याचे नाव थॉमस विलिस.

विलिसचा जन्म २७ जानेवारी १६२१ चा, ग्रेट बेडविन या गावचा. ऑक्सफर्डला शिकत असतानाच राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. वडील तापाच्या साथीत गेले. हा राजाच्या बाजूने शिपाईगिरी करून आला. १६४६ मध्ये वैद्यकीची पदवी मिळाली, पण नवख्या वैद्याकडे रोगी कुठून येणार? मग आपल्याकडे जसे आठवडे बाजाराला दुकान मांडतात, तसा तो शेजारच्या अ‍ॅबिंग्डनच्या बाजारी जाऊ लागला.

त्याचा स्वभाव मात्र सहजासहजी हात टेकण्याचा नव्हता. १६५० च्या डिसेंबरात अ‍ॅन ग्रीन नावाच्या मोलकरणीला फाशी झाली आणि तिचे प्रेत चिरफाडीसाठी वैद्यांकडे आले. तिच्यात धुगधुगी आहे असे दिसताच विल्यम पेटी आणि विलिस यांनी सुरी बाजूला ठेवली व तिला शुद्धीवर आणले. तिला माफी मिळाली, पुढे ती संसाराला लागली. १६६४ मध्ये विलिसने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यातली चित्रे काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता; लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल पुढे त्यानेच उभारले. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही विलिसचेच नाव आहे.

एवढ्या मोठ्या पंडिताने त्या न जेवणाऱ्या माणसासाठी काय केले, हे मला अधिक मोलाचे वाटते. पण आधी दुखणे समजून घेऊ. आमच्या नरसिंहपूरला नीरा-भीमेचा संगम, आणि इंदापूर तालुक्यातली कितीतरी शेती कालव्यावरची. चारीचे दार वेळेवर उघडले नाही तर पाणी मागे तुंबते, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते. आपली अन्ननळी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. तिचे स्नायू लाटेसारखे आवळत त्याला पुढे ढकलतात. तो तळाशी येताच जठराच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे दार क्षणभर सैल होते. या रोगात नळीच्या भिंतीतल्या मज्जापेशी नष्ट होतात. लाट उठत नाही, दार उघडत नाही. याला अकॅलेशिया म्हणतात. दरवर्षी लाखात साधारण एकाला तो नव्याने जडतो.

विलिसला मज्जापेशी माहीत असण्याचे कारण नव्हते. जठराचे तोंड गाठीमुळे किंवा लुळेपणामुळे मिटले असावे, इतकाच त्याचा तर्क. औषधे देऊन गुण येईना. तेव्हा त्याने देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीची काडी घेतली आणि तिच्या टोकाला स्पंजचा गोळा बसवला. रोग्याने जेवायचे आणि ती काडी स्वतःच्याच हाताने घशातून खाली सारून अन्न जठरात लोटायचे! वाचतानाही अंगावर काटा येतो. आज कोणी असले धाडस करू नये. पण तो माणूस पंधरा-सोळा वर्षे रोज असाच जेवला.

१९१३ मध्ये जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर याने त्या दाराचा स्नायू छेदून वाट मोकळी केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी पोटावर छेद न घेता तोंडातून दुर्बीण घालून तेच साधले. फुग्याने दार रुंद करण्याचाही उपाय आहे. मेलेल्या मज्जापेशी परत आणणे मात्र अजून कुणालाच साधलेले नाही. दार मोकळे करायचे, हे विलिसचेच सूत्र चालू आहे.

आपल्या घरांत काय होते? कुणी घासागणिक पाणी पितो, पंगतीतून अर्ध्यावर उठतो, रात्री आडवे झाले की खाल्लेले घशाशी येऊन खोकतो, अंगाने वाळतो. आपण त्याला मनाचे खेळ म्हणतो, नाही तर पित्ताची गोळी देतो. घास अडणे हे अन्ननळीच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. म्हणून दुर्बिणीची तपासणी आधी, तर्क नंतर. अन्ननळीतला दाब मोजण्याची चाचणीही आता आहे.

विलिस ११ नोव्हेंबर १६७५ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी वारला. त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरले. त्या रोग्याचे नाव ग्रंथात नाही. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा तो जिवंत होता, आणि काडीच्या आधाराने का होईना, रोज दोन घास पोटात घालत होता.