कुत्र्यांनी शिकवलेला शास्त्रज्ञ

गुंजवणे गावातून राजगडाची वाट धरली की अनेकदा गावातले एखादे कुत्रे आपणहून सोबत चालू लागते. चोर दरवाजाचा अवघड कातळ ते माणसापेक्षा सहज चढते आणि पद्मावती माचीवर पोहोचल्यावर जरा लांब बसून राहते. कुणीतरी पाठपिशवीची चेन उघडते, बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरतो आणि कुत्र्याचे कान ताठ होतात. जीभ ओठांवरून फिरते, तोंडाला पाणी सुटते. बिस्किटाचा वास अजून आलेलाही नसतो. त्याला हे कुणी शिकवलेले नाही. पण तेवढ्यात समोरून वानरांची टोळी गेली, तर तेच कुत्रे बिस्किट विसरून धावत सुटते. आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात धनगरवाड्यावर राखणीला असलेले कुत्रे रात्री बिबट्याची चाहूल लागताच समोरची भाकरी सोडून गोठ्याकडे झेपावते.

भूक, पाठलाग, राखण, कुतूहल, खेळ. या कुत्र्याच्या उपजत प्रेरणा. श्वान प्रशिक्षणाच्या आजच्या कार्यशाळांमध्ये पहिला धडा यांचाच असतो. कुत्र्यात आधी काय आहे ते ओळखा, मग आपली आज्ञा त्याला जोडा. हा धडा आज सोपा वाटतो. तो विज्ञानाच्या भाषेत मांडण्यासाठी मात्र एका रशियन डॉक्टरला अर्धे आयुष्य कुत्र्यांच्या सहवासात काढावे लागले. इव्हान पेत्रोविच पावलोव्ह हे त्याचे नाव. जगाला त्याची घंटा तेवढी आठवते. त्याच्या कुत्र्यांनी त्याला शिकवले ते मात्र घंटेच्या पलीकडचे होते.

पाद्र्याचा मुलगा

पावलोव्हचा जन्म 1849 मध्ये मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान या गावी झाला. वडील चर्चमध्ये पाद्री होते. लहानपणी उंचावरून फरशीवर पडल्यामुळे इव्हानची प्रकृती अनेक वर्षे नाजूक राहिली आणि शाळाही उशिरा सुरू झाली. थोरला मुलगा म्हणून त्यानेही पाद्री व्हावे अशी घरची अपेक्षा होती, म्हणून त्याला धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घातले. तिथे असतानाच रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान सेचेनोव्हचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक त्याच्या हाती पडले. माणसाच्या मनाचे व्यवहारही शरीराच्या नियमांनी समजून घेता येतील, ही त्यातली कल्पना त्या मुलाच्या मनात घर करून बसली. 1870 मध्ये त्याने धर्मशिक्षण सोडले आणि सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला प्रवेश घेतला.

पुढची वीस वर्षे ओढगस्तीची होती. 1881 मध्ये सेराफिमाशी लग्न झाले, पण संसाराला पुरेसे पैसे नव्हते. पहिले मूल लहानपणीच गेले. वैद्यकीय पदवी, जर्मनीत दोन वर्षांचे संशोधन, परत आल्यावर पुन्हा नोकरीची वाट पाहणे असे करत चाळिशी आली, तेव्हा कुठे स्थिर जागा मिळाली. 1891 पासून तो नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग पाहू लागला. या संस्थेचे मूळही कुत्र्याशीच जोडलेले आहे. पिसाळलेला कुत्रा चावलेल्यांना पाश्चरची लस देण्यासाठी शहरात जे केंद्र निघाले होते, त्यातून ही संस्था उभी राहिली.

जठररसाची बाटली

त्या काळी प्राण्यांवरचे प्रयोग बहुधा टेबलावरच संपत. प्राणी गुंगीत असे, शरीर उघडलेले असे आणि काही तासांत सगळे आटोपत असे. वेदनेने आणि रक्तस्रावाने बिघडलेल्या शरीरावरून निरोगी शरीराचे नियम कसे कळणार, असा पावलोव्हचा आक्षेप होता. त्याने प्रयोगशाळेत माणसांच्या रुग्णालयासारखी निर्जंतुक शस्त्रक्रियेची सोय केली. कुत्र्याच्या जठराला किंवा लाळग्रंथीला बाहेरून छोटी वाट काढायची, जखम भरू द्यायची आणि मग हिंडत्याफिरत्या, खात्यापित्या कुत्र्याचे महिनोन्महिने निरीक्षण करायचे, ही त्याची पद्धत. तो दोन्ही हातांनी शस्त्रक्रिया करी आणि त्याचे कौशल्य पाहायला लोक येत. तरीही सगळे कुत्रे वाचत नसत. जठराचा एक वेगळा कप्पा तयार करण्याची शस्त्रक्रिया अनेक कुत्र्यांच्या मृत्यूनंतर साधली. ज्याच्यावर ती साधली त्याचे नाव होते द्रुझोक, म्हणजे छोटा मित्र.

एका गाजलेल्या प्रयोगात कुत्र्याने खाल्लेला घास गळ्याशी केलेल्या छिद्रातून बाहेर पडे, पोटात पोहोचतच नसे. तरीही काही मिनिटांत रिकाम्या जठरात पाचकरस वाहू लागे. मेंदूकडून जठराकडे जाणारी व्हेगस नस कापली की तो थांबे. म्हणजे पचनाची सुरुवात पोटात नाही, तर खाण्याच्या ओढीत आणि चवीत होते. असा गोळा केलेला शुद्ध जठररस बाटल्यांत भरून अपचनाच्या रुग्णांना विकला जाई आणि त्या पैशांतून प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभार लागे. पचनसंस्थेवरच्या या कामासाठी पावलोव्हला 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला रशियन.

पावलांचा आवाज आणि लाळ

नोबेल मिळाले तोवर त्याचे लक्ष दुसरीकडे वळले होते. कुत्र्यांना तोंडात घास पडण्याआधीच लाळ सुटत होती. खाणे देणारा माणूस दिसला, त्याच्या पावलांचा आवाज आला, भांडे दिसले तरी पुरे. पचनाच्या प्रयोगात ही अडचण होती. पावलोव्हने त्या अडचणीलाच अभ्यासाचा विषय केले. खाण्याआधी दर वेळी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची, दिवा लावायचा किंवा त्वचेला स्पर्श करायचा. काही दिवसांनी खाणे नसतानाही त्या खुणेवर लाळ सुटे. विजेची घंटा या अनेक साधनांपैकी एक होती, पुढे दंतकथेत मात्र तीच उरली. शिकण्याच्या या प्रकाराला आज अभिजात अभिसंधान म्हणतात.

यातली मेख अशी की टिकटिकीत स्वतःचे काहीच बळ नसते. तिला बळ मिळते ते भुकेकडून. पोट भरलेल्या कुत्र्यावर तीच टिकटिक फिकी पडे. नवी सवय नेहमी जुन्या, जन्मजात प्रेरणेच्या खांद्यावर उभी असते, हे पावलोव्हला रोजच्या मोजणीतून दिसू लागले. लाळेचे थेंब मोजण्याइतकी साधी ती मोजणी होती.

प्रेरणा आडव्या येतात तेव्हा

मग कुत्र्यांनी त्याला पेचात टाकायला सुरुवात केली. एखादा सहकारी उत्साहाने सांगे की कुत्रा उत्तम शिकला आहे. पावलोव्ह पाहायला खोलीत जाई आणि कुत्रा सगळे विसरलेला असे. कारण स्वतः पावलोव्हच होता. अनोळखी माणूस आत आल्यावर कुत्र्याचे कान, डोळे, नाक सगळे त्याच्याकडे वळत आणि लाळ थांबे. या कुतूहलाला त्याने स्वतंत्र प्रतिक्षिप्त क्रियेचा दर्जा दिला. जगण्यासाठी ती भुकेइतकीच महत्त्वाची आहे, हे त्याने ओळखले. बाहेरची चाहूल टाळण्यासाठी जाड भिंतींची, आवाज न शिरणारी एक खास इमारत उभारली गेली.

आणखी एका कुत्र्याने वेगळाच धडा दिला. तो शांत होता, माणसांशी मैत्रीने वागे, पण पट्ट्यांनी चौकटीत उभे केले की धडपडे, धापा टाके आणि त्याची लाळ अखंड गळत राही. खाण्याचे आमिषही त्याला लवकर स्थिर करू शकले नाही. पावलोव्हने त्याला मठ्ठ किंवा हट्टी ठरवले नाही. बंधन झुगारण्याची ओढ हीदेखील एक उपजत प्रेरणा आहे, असे त्याने 1917 च्या सुमारास मांडले. दुसऱ्या एका कुत्र्याची राखणदारीची प्रेरणा इतकी तीव्र होती की परका माणूस दिसताच ती भुकेवर मात करी.

सर्वांत गंभीर धडा वर्तुळ आणि लंबवर्तुळाच्या प्रयोगात मिळाला. वर्तुळ दिसले की खाणे, लंबवर्तुळ दिसले तर नाही. कुत्रा हे सहज शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करत नेले. दोन्हींतला फरक जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा आजवर शांत असलेला तो कुत्रा किंचाळू लागला, पट्टे चावू लागला आणि आधी येत असलेल्या सोप्या गोष्टीही विसरला. त्याला कुणी मारले नव्हते. काय अपेक्षित आहे हे कळण्याची वाट बंद झाली, एवढेच घडले होते.

भूक आणि पूर

1917 च्या क्रांतीनंतर पेट्रोग्राडमध्ये अन्न, सरपण, विजेचा तुटवडा झाला. प्रयोगशाळेतले कुत्रे उपासमारीने मरू लागले. सत्तरीचा पावलोव्ह स्वतः जमीन खणून भाजीपाला पिकवत होता. देश सोडण्याची भाषा त्याने केल्यावर लेनिनने 1921 मध्ये त्याच्या कामासाठी खास सोयींचा आदेश काढला. सोयी घेऊनही पावलोव्ह नव्या राजवटीवर उघड टीका करत राहिला.

सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला. पाणी पिंजऱ्यांत शिरले, कुत्रे छताशी नाक लावून पोहत राहिले आणि त्यांना पाण्याखालून ओढून बाहेर काढावे लागले. जीव वाचले, पण काही कुत्री शिकलेले सगळे विसरली आणि पाण्याची धार दिसली तरी थरथरू लागली. काहींवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. एकच धक्का एकाला मोडतो आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव वेगळा, हे सूत्र पावलोव्हच्या अखेरच्या वर्षांतल्या कामाच्या मुळाशी राहिले.

ऑगस्ट 1935 मध्ये जगभरचे शरीरशास्त्रज्ञ लेनिनग्राडला जमले. त्याच वर्षी संस्थेच्या आवारात पावलोव्हच्या कल्पनेतून कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. प्रयोगात जीव गेलेल्या कुत्र्यांचे ऋण मान्य करणारे ते स्मारक आजही तिथे आहे. ते ऋण फेडले गेले असे मात्र म्हणता येत नाही. त्यातले कित्येक प्रयोग आजच्या नियमांत बसणार नाहीत. त्याच वर्षी पावलोव्हचा मुलगा व्हसेव्होलोद कर्करोगाने गेला. 27 फेब्रुवारी 1936 रोजी न्यूमोनियाने पावलोव्हचे निधन झाले, तेव्हा तो 86 वर्षांचा होता.

आजचा वारसा

केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना रुग्णालयाच्या नुसत्या वासानेच मळमळू लागते. तो मनाचा कमकुवतपणा नाही, पावलोव्हच्या नियमाने शरीराने जोडलेली खूण आहे, हे डॉक्टर आज जाणतात. नको असलेली भीती टप्प्याटप्प्याने सोडवण्याच्या उपचारांचे मूळही याच विज्ञानात आहे.

श्वान प्रशिक्षणात तर हा वारसा रोजचा आहे. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके शोधून नाव कमावलेला, पुण्यात प्रशिक्षण घेतलेला झंजीर देशसेवा म्हणून नाक लावत नव्हता. शोधक कुत्र्यांसाठी स्फोटकाचा वास म्हणजे पुढच्या खेळाची किंवा शाबासकीची खूण असते. घरच्या कुत्र्याचेही तसेच. हाक मारल्यावर ते येत नाही, कारण त्या क्षणी खारीचा पाठलाग हाकेपेक्षा बलवान असतो. अशा वेळी काठीने हाक बलवान होत नाही, उलट हाकेला भीती जोडली जाते. पाठलागाची ती ओढ चेंडूकडे वळवली आणि चेंडू हाकेशी जोडला, तर हाकेला अर्थ येतो. आज्ञा रोज बदलत राहिल्या, कालचे कौतुक आज मार ठरला, तर मात्र चांगले कुत्रेही लंबवर्तुळापुढच्या त्या कुत्र्यासारखे बिथरते आणि चावरे म्हणून बदनाम होते.

राजगडावरच्या कुत्र्याला यातले काही ठाऊक नसते. बिस्किटाच्या कागदाला अर्थ त्याच्या भुकेने दिलेला असतो.