रसायनशास्त्र रंगाऱ्याच्या हाती देणारे प्रा. गज्जर

गौरीपूजनाच्या तबकात हळद आणि कुंकू शेजारी शेजारी असते. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते आणि पारंपरिक कुंकू तयार होते. हे रसायनशास्त्र आपल्या आजी-पणजीला ठाऊक होते. मात्र असे घरगुती ज्ञान आणि कॉलेजातले रसायनशास्त्र यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. ते काम ज्यांनी आपल्या बडोद्यात केले, ते म्हणजे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

त्यांचा जन्म 1863 साली सुरतेला झाला. घराणे पिढीजात सुतारांचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तो काळ कसा होता? जर्मनीत डांबरापासून बनवलेले नवे रंग आपल्या बाजारात येऊ लागले होते. आपले रंगारी पिढ्यान् पिढ्या तुरटी वापरून कापडावर रंग पक्का करीत आले होते, पण या नव्या रंगांचे शास्त्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते इंग्रजी पुस्तकांत होते आणि रंगाऱ्याला इंग्रजी येत नव्हते.

या अडचणीवर गज्जरांनी उपाय शोधला. कारागिराला त्याच्याच भाषेत शास्त्र शिकवणारी संस्था हवी, हा त्यांचा विचार श्रीमंत सयाजीराव महाराजांना पटला आणि 1890 मध्ये कलाभवन सुरू झाले. गज्जर तिचे पहिले प्राचार्य. रंगकाम, यंत्रशास्त्र, वास्तुकाम, चित्रकला असे विषय तिथे देशी भाषेत शिकवले जात. त्यासाठी शास्त्रीय परिभाषा तयार करण्याचे आणि पुस्तके लिहवून घेण्याचे कष्टाचे कामही त्यांनी हाती घेतले. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. फोटोग्राफी हेही शेवटी रसायनशास्त्रच!

नंतर गज्जर मुंबईला गेले. 1896 साली तिथे चाफेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. हा पुतळा बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी मुंबईला दिलेला होता. अनेकांनी प्रयत्न करूनही डाग निघेनात, ते अखेर गज्जरांनी काढले. चाफेकरांचे नाव निघताच आपली मान आदराने लवते, त्यामुळे हा प्रसंग सांगताना थोडे अवघडायला होते. पण राज्यकर्त्यांना जे जमले नाही ते एका देशी रसायनतज्ज्ञाने करून दाखवले, हेही तितकेच खरे.

मुंबईत त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढली. प्लेगच्या साथीत आयोडीनचे औषध तयार केले. काळवंडलेले मोती पुन्हा उजळण्याची रीत शोधली. याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी माणसे घडवली. त्यांचे शिष्य प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या साथीने 1907 मध्ये बडोद्यात अलेम्बिकचा कारखाना उभा राहिला. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे जुन्या धाटणीचे भांडे. अल्कोहोल आणि टिंक्चरपासून सुरुवात झालेल्या या कारखान्यावर पुढे बडोद्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. त्यात मराठी घरेही होती.

1920 साली गज्जर निवर्तले. कलाभवन 1949 पासून सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा झाले. आज तिथला अभ्यास इंग्रजीतून चालतो. नोकरीसाठी इंग्रजी लागते, त्याला इलाज नाही. पण रंगाऱ्याला कळेल असे शास्त्र सांगण्याची गज्जरांची तळमळ आपण सोडून द्यायची का? निदान घरात तरी साबणाने मळ कसा निघतो, चुना टाकला की हळद लाल का होते, हे मुलांना मराठीत सांगता यायला हवे. यंदा तबकात हळद-कुंकू ठेवताना एवढे जरी त्यांना समजावून सांगितले, तरी या थोर शिक्षकाचे थोडे ऋण फिटेल.