आपल्याला रविवार देणारे नारायण मेघाजी लोखंडे

दर रविवारी सकाळी आपण विहारात वंदनेला जमतो. पोरंबाळं येतात, माता-भगिनी येतात. पण हा रविवार कामगाराच्या वाट्याला आला कसा, हे विचारलं तर नव्या पिढीतला क्वचितच कोणी सांगेल. म्हणून या स्मरणिकेत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचं जीवनकार्य आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. कुटुंब माळी समाजातलं, मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. परिस्थिती गरिबीची, त्यामुळे लवकरच नोकरी धरावी लागली. रेल्वे आणि पोस्टात काम करून पुढे ते मुंबईत कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. महात्मा जोतीराव फुल्यांचे ते सत्यशोधक अनुयायी. १८८० साली त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र मुंबईतून चालवायला घेतलं.

त्या काळी गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरायचे. आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही, जेवायला धड वेळ नाही. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. सातव्या वर्षापासून पोर कामाला लावायची मुभा त्यात होतीच. पगार तर महिना उलटून गेला तरी हातात पडायचा नाही. मग वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. आणि वरून मालकांची तक्रार अशी की हिंदी कामगार आळशी, साचा सोडून बाहेर रेंगाळतो.

१८८४ च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनकडे दिला. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत द्या, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. एवढंच मागणं. यात चैनीचं काय आहे? जनावराला सुद्धा औतातून सोडल्यावर दावणीला वैरण घालतात.

आमचं आयुष्य साचेखात्यात गेलं, म्हणून या मागण्यांचं मोल आम्हाला कळतं. सूत तुटू नये म्हणून खात्यात वाफ सोडायची, खिडक्या बंद ठेवायच्या. घामानं सदरा पिळून निघायचा. एकदा बदलीवाला आला नाही म्हणून आम्हाला लागोपाठ दुसरी पाळी करायला लावली. पहाटे डोळा लागला आणि हाताचं बोट चेचलं. रिपोर्टात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. सोळा तास उभं कोणी केलं, ते कुठंच लिहिलं नाही. त्याच हातानं पहिल्या पाळीत आम्ही चोख कापड काढलं होतं. हात तोच, माणूस तोच. बिघडलं होतं ते काम करून घेण्याची रीत.

लोखंडे यांनी हे शंभर वर्षं आधी ओळखलं होतं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार भगिनींनी तिथं भाषण केलं, हे विशेष. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच साली सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंडे यांनाही घेण्यात आलं. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती पक्की झाली. स्त्रियांना अकरा तासांची आणि मुलांना सात तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास मात्र तसेच राहिले. पुढे १९०८ च्या कमिशनला सुद्धा मान्य करावं लागलं की कामगार रेंगाळतो त्याचं मूळ लांबलचक तासांत आहे. म्हणजे आळस रक्तातला नव्हे, भोंग्याने लावलेला!

१८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातलं. लोक शहर सोडून पळत असताना लोखंडे रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा बळी घेतला. वय पन्नाशीच्या आत.

त्यांची अर्धी राहिलेली वाट पुढे आपल्या बाबासाहेबांनी चालवली. ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला.

आज गिरण्यांचे भोंगे थांबलेत. पण आपल्याच वस्तीतली पोरं वॉचमन म्हणून बारा-बारा तास उभी राहतात, कुरिअरच्या गाडीवर रविवारीही पळतात. विहारात दिसत नाहीत म्हणून आपण त्यांना बोल लावतो. तसं करू नये. आधी विचारावं, बाळा, तुला सुट्टी मिळते का? पगार वेळेवर होतो का? मिळत नसेल तर त्याच्यासोबत दहाजणांनी जाऊन मालकाला विचारावं. लोखंडे यांना खरं अभिवादन तेच होईल.

जयभीम!